‘टू मेनी क्लायंट्स’ एरर येते म्हणून पोस्टग्रेसची कनेक्शन-मर्यादा वाढवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी पायथन लायब्ररी) यांवर लिहिलेलं, ऑर्डर घेणारं ॲप, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. ॲपचे 2 सर्व्हर, दोन्हींवर गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे 8-8 वर्कर, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेस, आणि प्रत्येक वर्करमध्ये 16 थ्रेड. दिवसभर सगळं सुरळीत चालतं, पण संध्याकाळी ऑर्डरी वाढल्या की डेटाबेसकडून ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ असं उत्तर येतं आणि ॲप बसतं. विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन चालतील ती मर्यादा) 100 वरून 500 करावं, की प्रत्येक क्वेरीला नवं कनेक्शन उघडून लगेच बंद करावं? क्वेरीत व्हॅल्यू थेट स्ट्रिंगमध्ये जोडल्या तर काय बिघडतं, आतापर्यंत तर चाललंय? आणि ग्राहकांची काही देवनागरी नावं टेबलात डोळ्यांना दिसतात, तरी क्वेरीला का सापडत नाहीत?

पहिल्या प्रश्नातले दोन्ही उपाय करू नका. 500 केल्यावर ही एरर काही दिवस दिसणार नाही, पण मूळ दुखणं तसंच राहील आणि पुढच्या गर्दीत ॲपऐवजी डेटाबेसच मान टाकेल. कनेक्शन किती आहेत याच्या आधी बघायची गोष्ट ही, की तुमचा प्रोग्राम एकेक कनेक्शन किती वेळ अडवून ठेवतो. ही एरर घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा कनेक्शन कमी पडलेली नसतात. ती कुणीतरी हातात धरून दुसऱ्याच कामाला गेलेलं असतं.

आधी तुमचाच हिशेब मांडू. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूझरसाठी राखीव. म्हणजे ॲपला जास्तीत जास्त 97. एसक्यूएलअल्केमीचा पूल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायला उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, काही न सांगता 5 कनेक्शन कायम उघडी ठेवतो आणि गरज पडली तर वरची 10 उघडतो. बरेच जण इथेच फसतात, कारण हा पूल अख्ख्या ॲपचा नसतो, एका प्रोसेसचा असतो. तुमच्या 2 सर्व्हरवर मिळून 16 वर्कर आहेत, म्हणजे 16 पूल. दुपारी 16 गुणिले 5, म्हणजे 80 कनेक्शन. 97 मध्ये बसतात. संध्याकाळी प्रत्येक वर्करचे 16 थ्रेड कामाला लागले की पूल वरची 10 मागायला लागतो. 16 गुणिले 15 म्हणजे 240. दिवसा चालतं आणि संध्याकाळी पडतं त्याचं कोडं एवढंच आहे. शिवाय त्या 97 मध्येच तुमचं पीजीॲडमिन हे टूल, क्रॉनच्या म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि बॅकअपही बसतात.

मग 500 का नको? कारण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची एक वेगळी प्रोसेस उभी करतं. मायएसक्यूएलमध्ये त्या जागी थ्रेड असतो आणि तिथे मूळ मर्यादा 151 आहे, पण पुढचं गणित तिथेही फार वेगळं नाही. प्रत्येक प्रोसेस स्वतःची मेमरी घेते. त्यावर वर्क_मेम नावाची सेटिंग, मूळ किंमत 4 एमबी, ही कनेक्शनमागे नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशमागे लागू होते. कुणीतरी रिपोर्ट जलद व्हावा म्हणून ती 64 एमबी करून ठेवलेली असते, आणि मग 300 कनेक्शन एकदम सॉर्ट करायला लागली की मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा लिनक्सचा ओओएम किलर पोस्टग्रेसवरच धाड घालतो. दुसरं म्हणजे सीपीयूचे कोर तेवढेच राहतात. 4 कोरच्या मशीनवर एका क्षणी खरंखुरं काम 4 क्वेरींचंच चालू असतं, थोड्या डिस्कची वाट बघत असतात. पोस्टग्रेसच्या लोकांमध्ये जुना ठोकताळा आहे: कोरच्या दुप्पट, अधिक डिस्कची संख्या. एसएसडीच्या जमान्यात तो काटेकोर धरू नका, पण 4 कोरसाठी उत्तर 10 च्या आसपास येतं, 500 च्या नाही, हे त्यातून नीट कळतं. सक्रिय कनेक्शन त्याच्या कितीतरी पुढे गेली की प्रत्येक क्वेरी हळू होते, हळू झाल्याने कनेक्शन जास्त वेळ अडतं, आणि त्यामुळे आणखी कनेक्शन लागतात.

दर क्वेरीला नवं कनेक्शन हाही मार्ग नाही. उघडताना टीसीपीची देवाणघेवाण होते, मग टीएलएसची, मग पासवर्डची स्क्रॅम पडताळणी, ज्यात ठरवूनच 4096 वेळा हॅश फिरवलेला असतो, मग नवी प्रोसेस, आणि तिचा कॅटलॉगचा कॅशे रिकामा. एवढं सगळं करून आपण 1 मिलिसेकंदाची क्वेरी मारणार आणि दार लावून घेणार. पूल आहे तो याच्यासाठीच. तो काढू नका, नीट वापरा.

आता खरा भाग. एका वेळी किती कनेक्शन लागतील हे काढायला जॉन लिटल यांचा नियम पुरतो. त्यांनी तो 1961 साली सिद्ध केला. सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले एका रिक्वेस्टने कनेक्शन धरून ठेवलेला वेळ. समजा संध्याकाळी सेकंदाला 40 ऑर्डर येतात आणि प्रत्येकीचं डेटाबेसचं काम 20 मिलिसेकंदांचं आहे. 40 गुणिले 0.02, म्हणजे सरासरी 1 कनेक्शनही पूर्ण लागत नाही. आता त्याच रिक्वेस्टमध्ये कनेक्शन हातात असताना एसएमएस गेटवेला कॉल गेला आणि गेटवेने संध्याकाळच्या गर्दीत 3 सेकंद घेतले, तर 40 गुणिले 3, म्हणजे 120. डेटाबेसचं काम कणभरही वाढलेलं नाही, तरी 97 ची मर्यादा फुटली.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. एरर येत असतानाच डेटाबेसला विचारा. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूमध्ये प्रत्येक कनेक्शनची एक रो असते. तिच्यावर स्टेट या कॉलमने ग्रुप बाय करून काउंट काढा. ‘ॲक्टिव्ह’ जास्त दिसली तर क्वेरी हळू आहेत किंवा कुलपासाठी (लॉकसाठी) खोळंबल्या आहेत. नुसती ‘आयडल’ जास्त दिसली तर पूल गरजेपेक्षा मोठे आहेत. आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ जास्त दिसली, तर ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) उघडून प्रोग्राम भलतीकडे गेला आहे. शेवटचं दिसलं तर त्या रोंमधला क्वेरी कॉलम वाचा. तिथे त्या कनेक्शनवर शेवटी चाललेली क्वेरी असते, आणि ती कोडमधल्या कुठल्या ओळीनंतर येते हे शोधलं की गुन्हेगार सापडतो. एक्सॲक्ट_स्टार्ट (xact_start) या कॉलमवरून ट्रान्झॅक्शन केव्हापासून उघडं आहे तेही कळतं. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ॲप्लिकेशन_नेम भरायची सवय लावा. मग कुठली रो वेब ॲपची, कुठली क्रॉनची, हे शोधण्यात वेळ जात नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा संशय ऑर्डर घेणाऱ्या फंक्शनवर आहे, म्हणून ते जवळून बघू. अशी फंक्शनं साधारण एकाच साच्याची असतात: ग्राहक शोधायचा, ऑर्डर सेशनमध्ये घालायची, कमिट करायचं म्हणजे बदल पक्के करायचे, ग्राहकाला एसएमएस पाठवायचा, उत्तर परत करायचं. वाचणाऱ्याला वाटतं, कमिटनंतरच एसएमएस जातोय, मग अडचण कुठे आहे? अडचण आहे. कमिट झालं की एसक्यूएलअल्केमी सेशनमधल्या सगळ्या ऑब्जेक्टांवर ‘शिळं’ असा शिक्का मारते; एक्स्पायर_ऑन_कमिट ही सेटिंग मुळातच चालू असते. पुढच्या ओळीत तुम्ही एसएमएससाठी ग्राहक.मोबाइल वाचता. दिसायला हे साधं ॲट्रिब्यूट, पण आतून नवी सिलेक्ट क्वेरी सुटते, त्यासाठी पूलमधून पुन्हा कनेक्शन घेतलं जातं, नवं ट्रान्झॅक्शन सुरू होतं. आणि आता ते बंद करणारं कुणी नाही. फ्लास्क रिक्वेस्ट संपताना सेशन मोकळं करतं, पण तोवर तुमचा थ्रेड एसएमएस गेटवेच्या उत्तराची वाट बघत 3 सेकंद बसलेला असतो, कनेक्शन मांडीवर घेऊन. नुसत्या वाचण्यानेही ट्रान्झॅक्शन उघडतं, ही गोष्ट अनेक वर्षं काम केलेल्यांनाही सांगावी लागते.

उपाय सोपा आहे. कमिटच्या आधीच मोबाइल नंबर, ऑर्डर क्रमांक, रक्कम साध्या व्हेरिएबलमध्ये काढून घ्या. कमिट करा. त्यानंतर सेशनच्या ऑब्जेक्टला हात न लावता बाहेरचा कॉल करा. बाहेरचा कॉल म्हणजे फक्त एसएमएस नाही. पेमेंट गेटवे, ईमेल, पीडीएफ बनवणं, फाइल एस3वर चढवणं, यातलं काहीही उघड्या ट्रान्झॅक्शनच्या पोटात राहता कामा नये. कोड रिव्ह्यूमध्ये मी सगळ्यात आधी हेच बघते, क्वेरी नंतर.

याहून चांगलं म्हणजे एसएमएस रिक्वेस्टमधून काढूनच टाका. ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पाठवायचे निरोप’ अशा टेबलात एक रो घाला. ऑर्डर नोंदली गेली तर निरोपही नोंदला जातो, ऑर्डर रोलबॅक झाली तर निरोपही जातो. ग्राहकाला न झालेल्या ऑर्डरचा एसएमएस कधीच जात नाही. मागे एक वेगळा वर्कर त्या टेबलातून रो उचलतो. एकाहून जास्त वर्कर असतील तर फॉर अपडेट स्किप लॉक्ड वापरा, म्हणजे दोघे एकाच रोसाठी भांडणार नाहीत. पोस्टग्रेसमध्ये हे 9.5 पासून आहे. फक्त इथेही तोच नियम: रो उचलली अशी खूण करून आधी कमिट, मग गेटवेला कॉल. मधेच वर्कर मेला तर तो निरोप पुन्हा पाठवावा लागेल आणि क्वचित एखादा दोनदा जाईल, हे गृहीत धरून रचना करा.

उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन कनेक्शन अडवतं तेवढ्यावर भागत नाही. त्याने एखादी रो अपडेट केली असेल तर तिचं कुलूप त्याच्याकडेच राहतं, आणि व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या कामाला, मेलेल्या रो साफ करता येत नाहीत. सगळ्यात वाईट प्रकार रिलीजच्या वेळी होतो. कुणाचं तरी साधं सिलेक्ट उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये बसलेलं असतं. तुम्ही त्याच टेबलावर ऑल्टर टेबल चालवता. एरवी ते क्षणात होणारं काम, पण त्याला टेबलाचं पूर्ण कुलूप लागतं, म्हणून ते त्या सिलेक्टमागे थांबतं. आणि त्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी, अगदी साधं वाचनसुद्धा, ऑल्टरच्या मागे रांगेत लागते. काही सेकंदांत सगळे पूल भरतात आणि पुन्हा तीच ‘टू मेनी क्लायंट्स’. मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवण्याआधी त्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट 2-3 सेकंदांचा लावा. कुलूप नाही मिळालं तर ऑल्टर स्वतःच मागे हटेल, थोड्या वेळाने पुन्हा चालवा.

टाइमआउटचा विषय निघालाच आहे, तर हे तीन लावल्याशिवाय प्रॉडक्शनला जाऊ नका. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट पोस्टग्रेस 9.6 पासून आहे, पण मुळात 0, म्हणजे बंद असतो. वेब ॲपच्या रोलसाठी, म्हणजे डेटाबेसमधल्या त्याच्या यूझरसाठी, 10 सेकंद ठेवा. स्टेटमेंट_टाइमआउटही मुळात बंद; वेबसाठी 5 ते 10 सेकंद पुरे. कुठलाही ग्राहक त्याहून जास्त वेळ स्क्रीनकडे बघत थांबत नाही, आणि तो निघून गेला तरी क्वेरी मागे सीपीयू खातच असते. तिसरा कनेक्ट_टाइमआउट, हा ड्रायव्हरच्या बाजूचा. तोही दिला नाही तर, डेटाबेसचं मशीन नेटवर्कवरून गायब झाल्यावर ॲप नुसतं लटकून राहतं. पहिले दोन ऑल्टर रोलने त्या यूझरवर लावता येतात. रिपोर्टसाठी वेगळा रोल करा आणि त्याला मोठी मुदत द्या. सगळ्यांना एकच मुदत लावली की कुणीतरी रिपोर्टसाठी ती 10 मिनिटं करतो आणि वेबचं संरक्षण जातं.

आता पूलचे आकडे. धरून ठेवण्याचा वेळ कमी झाल्यावर पूल_साइझ 3 आणि मॅक्स_ओव्हरफ्लो 2 करा. 16 गुणिले 5 म्हणजे 80. संध्याकाळ असो की दिवाळीची ऑफर, त्यापुढे मागणी जाऊच शकत नाही. 16 थ्रेडना 5 कनेक्शन कशी पुरतील, असं वाटेल. कनेक्शन 20 मिलिसेकंदांत परत येत असेल तर उरलेल्या थ्रेडना थांबावं लागतं ते मिलिसेकंदांतच, आणि ॲपच्या पूलमध्ये थांबणं डेटाबेसने हाकलून देण्यापेक्षा कितीतरी बरं. पूल_टाइमआउट मुळात 30 सेकंद असतो, तो 5 वर आणा. पूल_प्री_पिंग चालू करा, म्हणजे डेटाबेस रीस्टार्ट झाल्यावर किंवा मधल्या फायरवॉलने निष्क्रिय कनेक्शन तोडल्यावर ॲपला मेलेलं कनेक्शन मिळणार नाही. उद्या सर्व्हर 2 चे 6 झाले तर मात्र पूल लहान करून भागणार नाही. तेव्हा मधे पीजीबाउन्सर (सगळ्या सर्व्हरांसाठी एकच पूल चालवणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवा. पण त्या मोडमध्ये एका ट्रान्झॅक्शननंतर तुमचं खरं कनेक्शन बदलू शकतं, त्यामुळे सेशनपुरत्या सेट केलेल्या गोष्टी, टेम्पररी टेबलं आणि लिसन यांवर विसंबता येत नाही. तयार करून ठेवलेली स्टेटमेंटंही 1.21 च्या आधीच्या आवृत्त्यांत तिथे अडखळत.

एक गोष्ट तपासून घ्या. गनिकॉर्न प्रीलोड (वर्कर बनण्याआधीच ॲप लोड करणं) लावून चालवत असाल आणि ॲप लोड होतानाच एखादी क्वेरी चालत असेल, तर कनेक्शन वर्कर फुटायच्या आधीच उघडलं जातं आणि दोन-तीन वर्कर एकाच सॉकेटवर बोलायला लागतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं. याच्या एरर इतक्या चित्रविचित्र येतात, की लोक आठवडाभर डेटाबेसला दोष देत बसतात. वर्कर सुरू झाल्यावर इंजिन तिथे नव्याने बनवा.

क्रॉनच्या स्क्रिप्ट थेट सायकोपीजी2 या पोस्टग्रेसच्या पायथन ड्रायव्हरवर असतील तर त्याही बघा. तिथे विथ लावून कनेक्शन वापरलं तरी ब्लॉक संपल्यावर फक्त कमिट किंवा रोलबॅक होतं, कनेक्शन उघडंच राहतं. सायकोपीजी 3 मध्ये हे बदललं, तिथे ते बंद होतं. फाइल उघडण्याची सवय मनात असल्यामुळे सायकोपीजी2चं वागणं कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय साधा कर्सर क्वेरीचा अख्खा निकाल एकदम मेमरीत ओढतो, तुम्ही फेच कितीचंही करा. महिन्याच्या रिपोर्टला कर्सरला नाव द्या, म्हणजे तो सर्व्हरच्या बाजूला राहतो आणि त्यावरून लूप फिरवला की 2000-2000 रो येतात.

आता दुसरा प्रश्न, व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये जोडण्याचा. इथे मी ठाम आहे: आजच्या आज थांबवा. ‘आतापर्यंत चाललंय’ याचा अर्थ एवढाच, की अजून डिसोझा आडनावाच्या ग्राहकाने रोमनमध्ये नाव भरलेलं नाही. गोव्यात आणि वसईत डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा ही रोजची आडनावं आहेत, आणि रोमन लिपीत लिहिताना पहिल्या डीनंतर अपॉस्ट्रॉफी येतो. तुमच्या स्ट्रिंगमध्ये तो अपॉस्ट्रॉफी आला, की एसक्यूएलच्या दृष्टीने नाव ‘डी’वरच संपलं. पुढचं ‘सोझा’ ही आज्ञा समजून पोस्टग्रेस वाचायला जातं आणि सिंटॅक्स एरर देतं. हे सभ्य ग्राहकाच्या बाबतीत. दुसरा कुणी त्याच रकान्यात अपॉस्ट्रॉफी, मग ‘ऑर 1=1’ आणि पुढे दोन डॅश टाकेल, तर तुमची व्हेअरची अट प्रत्येक रोला खरी ठरेल आणि सगळ्या ग्राहकांचे पत्ते, मोबाइल त्याच्या स्क्रीनवर येतील. एसक्यूएल इंजेक्शनबद्दल 1998 पासून उघडपणे लिहिलं जातंय, आणि आजही तशी दारं उघडी सापडतात.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून नावातला अपॉस्ट्रॉफी काढूनच टाकतात. तसं करू नका. माणसाचं नाव आपल्या सोयीसाठी बदलायचा आपल्याला अधिकार नाही, आणि आधार किंवा बँकेतल्या नावाशी ते मग जुळतही नाही.

बरोबर पद्धत म्हणजे क्वेरीत जागा सोडायची आणि व्हॅल्यू वेगळी द्यायची. पायथनमध्ये चूक आणि बरोबर यांत अंतर एका चिन्हाचं आहे, म्हणून नीट बघा.

चूक: कर्सर.एक्झिक्यूट("सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = '%एस'" % आडनाव)

बरोबर: कर्सर.एक्झिक्यूट("सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = %एस", (आडनाव,))

पहिल्या ओळीत टक्का आहे, तिथे पायथननेच स्ट्रिंग जोडून टाकली आणि ड्रायव्हरला काहीच कळलं नाही. दुसरीत स्वल्पविराम आहे, त्यामुळे व्हॅल्यू ड्रायव्हरच्या ताब्यात गेली. प्लेसहोल्डरभोवती अवतरणचिन्ह नाही, हेही बघा. ते ड्रायव्हरचं काम. कंसातला शेवटचा स्वल्पविराम विसरलात तर पायथन त्याला टपल मानत नाही. सायकोपीजी2 ही व्हॅल्यू स्वतः सुरक्षित करून क्वेरीत बसवतो. सायकोपीजी 3 ती क्वेरीपासून वेगळीच सर्व्हरला पाठवतो. एसक्यूएलअल्केमीच्या टेक्स्टमध्ये कोलन लावून नाव देतात, एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्ह चालतं, जावाच्या जेडीबीसीतही प्रश्नचिन्हच. खूण बदलते, रीत तीच.

पॅरामीटर फक्त व्हॅल्यूसाठी असतो. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव, ऑर्डर बायची दिशा, यांच्या जागी तो चालत नाही. ग्राहकाने निवडलेल्या कॉलमवर सॉर्ट करायचं असेल तर कोडमध्ये परवानगीच्या नावांची यादी ठेवा आणि आलेलं नाव त्यात असेल तरच वापरा. अनेक आयडी एकदम शोधायचे तर इनसाठी स्वल्पविरामांची स्ट्रिंग जोडत बसू नका. पोस्टग्रेसमध्ये इक्वल्स एनी लिहून पायथनची लिस्ट एकाच पॅरामीटरमध्ये देता येते.

लूपमध्ये क्वेरी मारण्याचा प्रकारही तुमच्याकडे असणार, कारण ओआरएम (एसक्यूएलअल्केमीसारखी, रोंना ऑब्जेक्ट म्हणून हाताळणारी लायब्ररी) वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक ॲपमध्ये तो असतो. 50 ऑर्डरींची यादी आणायची आणि टेम्प्लेटमध्ये प्रत्येक ऑर्डरचं ग्राहक.नाव दाखवायचं, म्हणजे 1 अधिक 50 क्वेरी. लोकलवर डेटाबेस त्याच मशीनवर असतो, म्हणून कळत नाही. प्रॉडक्शनला प्रत्येक क्वेरीला नेटवर्कची एक फेरी पडते आणि तेवढा वेळ कनेक्शन अडून राहतं. एसक्यूएलअल्केमीचं सिलेक्टइनलोड लावलं की 51 च्या जागी 2 क्वेरी होतात. इंजिनला इको चालू करून एक पान उघडा आणि लॉगमध्ये किती सिलेक्ट येतात ते बघा.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण तो आपल्या लिपीचा आहे आणि इंग्रजी पुस्तकांत त्याचं उत्तर मिळत नाही. न सापडणारी नावं पुन्हा बघा. माझा अंदाज, त्यांत कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावं बरीच असतील. हा अर्धा र, ‘ऱ्’, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डेटाबेसला ते वेगळे बाइट आहेत, त्यामुळे इक्वल्स त्यांना समान मानत नाही. एका ग्राहकाने एका कीबोर्डवरून नाव भरलं, तुमच्या ऑपरेटरने दुसऱ्यावरून शोधलं, की रो सापडली नाही.

युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणणं) इथे अर्धंच काम करतं. नुक्ता वेगळा टाइप झाला असेल तर ते त्याला एकत्र करून ऱ बनवतं, पण जॉइनरवाला र तसाच ठेवतं. म्हणून एक छोटं फंक्शन लिहा: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जॉइनर’ हा क्रम दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घाला, शेवटी पुढची-मागची स्पेस आणि दोन शब्दांमधल्या दुहेरी स्पेस काढा. हे फंक्शन नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा चाललं पाहिजे. ग्राहकाने भरलेलं मूळ नाव तसंच ठेवा. शोधासाठी वेगळा कॉलम करा आणि इंडेक्स त्याच्यावर लावा. जुन्या रो एकदा स्क्रिप्टने भरून घ्या, हजार-हजारांच्या तुकड्यांत, दर तुकड्याला कमिट करून.

तुमचा एखादा जुना डेटा मायएसक्यूएलमधून येत असेल आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर ते दुखणं वेगळं आहे. तिथे कनेक्शनचाच कॅरॅक्टर सेट लॅटिन1 राहिलेला असतो. तो कनेक्शन उघडताना यूटीएफ8एमबी4 द्या. मात्र जी अक्षरं प्रश्नचिन्ह होऊनच साठली आहेत ती परत येत नाहीत, मूळ फाइलमधून पुन्हा भरावी लागतात.

वेळेचंही असंच. टाइमझोन हा कनेक्शनचा गुण आहे, आणि सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. ‘आजच्या ऑर्डरी’ म्हणून तारखेची तुलना केलीत तर रात्री 12 ते पहाटे 5:30 च्या ऑर्डरी कालच्या खात्यात जातात. कॉलम टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन ठेवा, दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात एशिया/कोलकाता धरून पायथनमध्ये काढा आणि दोन्ही पॅरामीटर म्हणून पाठवा: पहिल्याइतका किंवा नंतरचा, दुसऱ्याच्या आधीचा. कॉलमवर डेट फंक्शन लावू नका. त्याने त्या कॉलमचा साधा इंडेक्स वापरात येत नाही.

हे सगळं एका रात्रीत करायला जाऊ नका. आज फक्त दोन गोष्टी करा: अपॉस्ट्रॉफीचं दार बंद करा, म्हणजे स्ट्रिंग जोडलेल्या सगळ्या क्वेरी शोधून पॅरामीटरवर आणा, आणि संध्याकाळच्या गर्दीत दर मिनिटाला पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीचा स्टेटनिहाय काउंट एखाद्या फाइलमध्ये लिहायला लावा. 2-3 दिवसांचे आकडे हातात आले की एसएमएसचा कॉल कमिटच्या पलीकडे न्या, आणि पूलचे आकडे बदलण्याआधी काउंट पुन्हा बघा. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’चा आकडा 1-2 वर आला असेल तर पूल बिनधास्त लहान करा. टाइमआउट त्यानंतर लावा, आणि पहिला आठवडा थोडे सैल ठेवून. नाहीतर लपून बसलेली एखादी हळू क्वेरी नेमकी गर्दीच्या वेळी मरेल आणि दोष टाइमआउटवर येईल. मॅक्स_कनेक्शन्स 100 च राहू द्या.